माझ्याच गळ्याची चोरी

माझा मुलगा मला माझ्याच स्वयंपाकघरात गुणगुणू देत नाही. तांदळाची भाकरी थापताना तोंडातून एखादी ओळ निसटली की रुपेश बाहेरच्या खोलीतून धावत येतो, ओठांवर बोट ठेवतो आणि डोळे असे वटारतो की जणू मी कुणाच्या मयतीत हसले. सत्तर वर्षांची बाई मी. ह्याला बोलायला मी शिकवलं, आणि आता तो मला 'श्शऽ' करतो.

"आये, फोन ऐकतो," म्हणतो.

"मग ऐकू दे की. फुकटात ऐकतोय मेला."

"हसू नको गो. परत नोटीस येईल."

पहिली नोटीस मागच्या माघात आली होती. माझ्या जोडीला गाणाऱ्या बेबीबायच्या घरी बारसं होतं, मी पाळण्याशी दोन ओळी म्हटल्या. कुणीतरी त्या फोनवर टाकल्या. आठ दिवसांत कागद हजर. मी तिसरीपर्यंतच शाळा पाहिलेली, म्हणून सून मनालीनं तो वाचून दाखवला. ती उरणला वकिलाच्या ऑफिसात कामाला आहे, तिला त्या भाषेची सवय. 'नोंदणीकृत आवाजाशी ठळक साम्य असलेला आवाज विनापरवाना वापरल्याबद्दल.'

"कुणाचा गो आवाज चोरला मी?" मी विचारलं.

मनालीनं कागद खाली ठेवला. "तुमचाच, आये."

आता हे सांगायचं तर आधी मी कोण ते सांगायला पाहिजे. मी द्वारका घरत, खारकोंड गावची धवलारीण. आमच्या आगरी लोकांत लग्नाला भटजी येतो तो मंगलाष्टकांपुरता. त्याच्या आधी मांडव आमचा. हळद कांडायची तिथपासून धवलारीण गाते. देवांना बोलावते, गेलेल्या माणसांना बोलावते, नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव, दोन्ही घरच्या बायामाणसांची नावं गाण्यात गुंफते. धवल्यात, म्हणजे ह्या गाण्यात, नाव आलं नाही तो माणूस लग्नाला नव्हताच, असं आमच्यात धरतात. ही गाणी कुणी लिहिली ते कुणाला ठाऊक नाही. वहीत नाहीत. माझ्या सासूच्या तोंडून मी घेतली, तिनं तिच्या सासूच्या.

बारा वर्षांपूर्वी माझा घसा बसला. तीन महिने आवाज नाही. डॉक्टर म्हणाला, गाठी आहेत, पुढचं सांगता येत नाही. तेव्हा रुपेशनं मला पनवेलला कंठनिधी नावाच्या कंपनीत नेलं. म्हणजे आधी गाठी काढल्या, आवाज परत आला, आणि मग नेलं. "पुन्हा गेला तर?" म्हणाला. पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं, हे मी आजही सांगेन.

तिथं एका खोलीच्या भिंतींना जाड काळा स्पंज लावलेला. अक्षता नावाची एक इंजिनियर मुलगी होती, चांगली होती, माझ्या पायाशी बसून समजावत होती.

"आजी, घशात दोन पातळ पडदे असतात. श्वास लागला की ते थरथरतात. ती थरथर सगळ्यांची जवळजवळ सारखी. पण वर गळा, टाळू, जीभ, नाक यांची पोकळी प्रत्येकाची वेगळी. त्या पोकळीत काही सूर फुगतात, काही विरतात. दोन मडक्यांत एकच फुंकर मारली तरी आवाज दोन येतात ना, तसं."

"आणि मडक्याला तडा असला तर?"

"तो तडासुद्धा मशीन मोजतं. तुम्ही श्वास कुठं चोरता, सुराला खालून कशा भिडता, हे सगळं. चाळीस तास ऐकलं की मशीनला तुमचं मडकं पाठ होतं. मग तुम्ही कधी न गायलेली ओळसुद्धा ते तुमच्यासारखी गाईल."

"मी मेल्यावर?"

"मेल्यावरही. आणि आजच्या नाही, पस्तिशीतल्या आवाजात."

खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. सासूचा आवाज तिच्याबरोबर जळाला, माझा राहणार. त्यांनी काचेवर अंगठा ठेवायला सांगितला, मी ठेवला. मला सही येते, पण त्यांना अंगठाच पाहिजे होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं. ज्याला अंगठा पाहिजे असतो त्याला तुम्ही वाचलेलं नको असतं.

मशीनचं नाव त्यांनी ठेवलं 'धवलामाय'. हातभर उंचीचा पितळी रंगाचा डबा. नवरा-नवरीची नावं घातली की गातो. रुपेशनं रायगडची एजन्सी घेतली. उरण, पेण, अलिबाग, दिवसाला तीन-तीन लग्नं. मी कुठल्याच लग्नात तो ऐकायला गेले नाही. माझ्याच घशाला मी दुसऱ्याच्या मांडवात काय म्हणून ऐकायला जाऊ?

नोटीस आली त्याच्या दुसऱ्या दिवशी ओट्यावर आम्ही सासू-सुना सुकट निवडत बसलो होतो. मी मनालीला म्हटलं, "मला सगळं पहिल्यापासून सांग. हा कायदा जन्माला कधी आला?"

"इंग्रजांचा कॉपीराइट कायदा होता एक. मग एकोणीसशे सत्तावन्न साली आपला आला. त्यात लिहिणाऱ्याला हक्क, चाल बांधणाऱ्याला हक्क, रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीला हक्क."

"गाणारीला?"

"काहीच नाही. कायद्याच्या हिशोबी गाणारी नव्हतीच."

"वा! म्हणजे रेकॉर्डवर कोण, मांजर बोलत होतं?"

मनाली हसली. "तेव्हापासून दर काही वर्षांनी दुरुस्ती होत आली, आये. लिहिणाऱ्याचा हक्क तो मेल्यावर पन्नास वर्षं चालायचा, तो ब्याण्णव साली साठ केला."

"मेल्यावर साठ वर्षं? त्याला कशाला लागतो?"

"वारसांना लागतो. मग चौऱ्याण्णव साली कुणाला तरी गाणारे-नाचणारे आठवले. त्यांना पंचवीस वर्षांचा हक्क दिला, पुढं नव्व्याण्णवला तो पन्नास झाला. दोन हजार बारा साली आणखी आलं, की गाणारीचं नाव घ्यायचं, तिची अब्रू जाईल अशी गाण्याची मोडतोड करायची नाही."

"हे बरं केलं."

"हो. प्रत्येक वेळी कुणीतरी दार वाजवायचं, तेव्हा कुठं एक खिडकी पाडायचे. मग ही मशीनं आली. मोठमोठ्या गायकांचे आवाज चोरून लोक गाणी काढायला लागले. गायकांनी आरडाओरडा केला, खरंच चोरत होते हो. म्हणून चार वर्षांपूर्वी आवाज-दुरुस्ती आणली. आवाज हीच मालमत्ता. जमिनीसारखा नावावर लावायचा, आणि ज्याच्या नावावर आहे त्याच्या परवानगीशिवाय तसा आवाज कुणी वापरायचा नाही." ती सुकटीतला एक खडा बाजूला टाकून थांबली. "ती दुरुस्ती तुमच्यासारख्यांच्या रक्षणासाठीच होती, आये."

"आणि माझा आवाज कुणाच्या नावावर लागला?"

"कंपनीनं तुमच्या अंगठ्याचा करार दाखवला. लागला त्यांच्या नावावर."

"पण 'कुणी' वापरायचा नाही म्हणजे? मी 'कुणी' आहे काय?"

"जिच्या घशातून निघाला ती सोडून, एवढे शब्द तिथं नाहीत."

"विसरले का मुद्दाम सोडले?"

"ते मला ठाऊक नाय."

"आणि लग्नात? देवाच्या कामात गायला पण बंदी?"

"नाही, तीच तर गंमत आहे. लग्नात गाणं वाजवायला, गायला मुभा आहे. ते कलम जुनं आहे, अजून जिवंत आहे. पण ते गाण्यासाठी. आवाजाचं प्रकरण नवीन लिहिलं, त्यात लग्नाची मुभा उतरवून घेतलीच नाही."

म्हणजे गाणं मोकळं, लग्न मोकळं आणि तोंडाला कुलूप. मी सुकटीचं सूप आपटलं. शिकलेल्या माणसांनी साठ-सत्तर वर्षं बसून हे घर बांधलं, आणि जिच्यासाठी शेवटची खोली काढली तिलाच बाहेर ठेवून दार लावलं.

अशात माझ्या नातीचं, आर्वीचं लग्न ठरलं. रुपेश-मनालीची एकुलती एक. मुलगा अलिबागचा, बोटीचं इंजिन दुरुस्त करणारा, आवाज खणखणीत. मला आवडला. मी धवल्याची तयारी मनात सुरू केली आणि रुपेशनं एका संध्याकाळी चहाबरोबर सांगितलं, "हळदीला धवलामाय लावतोय. तू पहिल्या खुर्चीत बस. पैठणी नेस. कंपनीचे साहेब व्हिडिओवर तुझा सत्कार करणार, शाल देणार."

"शाल जिवंत बाईला देतात का फोटोला?"

"आये, समजून घे. हॉलला कान बसवलेले आहेत."

कान म्हणजे भिंतीवरचा एक पांढरा डबा. त्या दुरुस्तीनंतर प्रत्येक लग्नाच्या हॉलला तो लावावा लागतो. नोंदलेला आवाज परवान्याशिवाय ऐकू आला की तो कंपनीला कळवतो आणि हॉलचे स्पीकर बंद करतो.

"तू गायलीस तर माझी एजन्सी त्याच दिवशी जाईल," रुपेश म्हणाला. "एजंटाच्या घरातच चोरी झाली म्हणतील."

"चोरी," मी म्हटलं. "तोंडाला येतं तरी कसं रं तुझ्या?"

"मग काय म्हणू? मी तुझा आवाज वाचवला! तो डबा नसता तर आज या तालुक्यात धवला कुणी ऐकला असता? दुसरी धवलारीण दाखव मला. सगळे डीजे लावतात."

मी उठले आणि भांडी घासायला बसले. आर्वी मोरीशी येऊन बसली. "आजी, मला तूच पायजेस. पण पप्पांचं काम जाईल गो. नंतर सगळे माझ्या लग्नाला नावं ठेवतील."

रात्रीच्या जेवणाआधी मनाली गुपचूप एक तोड घेऊन आली. "आये, कुजबुजलात तर कान पकडू शकत नाही. कुजबुजताना घशातले पडदे थरथरतच नाहीत, नुसती हवा जाते. थरथर नाही तर सूर नाही, आणि कान ओळखतो ते सुरांवरून. तुम्ही माझ्या कानात ओळी सांगा, मी म्हणते. वकीलसाहेबांना विचारलं, चालतं."

हुशार आहे माझी सून. पण मी म्हटलं, "कुजबुजून मनाली, चोरीचा माल कुठं पुरलाय ते सांगतात. देवाला बोलवायचं तर हाक मारावी लागते. नाय गो. एक तर गाईन, नायतर बसेन."

आणि मी बसायचं कबूल केलं. पोराचं काम जाऊ नये म्हणून. आई झाली की बाई असं काहीतरी कबूल करते.

हळद सकाळची ठेवली होती, संध्याकाळी हॉल दुसऱ्याला दिलेला. दोनशे माणूस. आर्वी पाटावर बसली, पिवळी साडी, केस मोकळे. हळदीची वाटी घेऊन मनाली तिच्या मागं. मी पहिल्या खुर्चीत, पैठणीत, गळ्यात शाल, बेबीबाय माझ्या बाजूला. चाळीस वर्षं माझ्या मागून ओळ उचलून धरणारी ही बेबीबाय. आज तिलाही काम नव्हतं, म्हणून पान खात होती.

रुपेशनं डब्यावर हात फिरवला आणि मी गायला लागले.

म्हणजे मी नाही. ती. पस्तीस वर्षांची मी. श्वास पुरणारी, वरच्या सुराला न थरथरता लागणारी. माझ्या अंगावर काटा आला. बायका डोळे पुसायला लागल्या. रुपेशनं माझ्याकडे बघितलं, शाळेत पहिला आल्यावर बघायचा तसं. मी मान डोलावली. चांगली गात होती हो ती, माझ्याहून चांगली.

*अंगणी उभी गो, अंगणी वाढली,*
*नवरा आला दारी, हळद चढली...*

बेबीबायचं पान चघळणं थांबलं.

"द्वारके," ती हळूच म्हणाली, "हा तर तुळशीचा."

मी ऐकत राहिले. देव आले, पितर आले, नवऱ्याचं नाव आलं, आर्वीचं आलं, तिच्या बापाचं आलं. आणि गाणं पुढं गेलं. आईचं कडवं आलंच नाही.

तेव्हा मला ती काळ्या भिंतींची खोली आठवली. आमच्यात रिकामा धवला म्हणत नाहीत. समोर नवरी नसताना तो म्हटला तर गाणं नवरी शोधत फिरतं, असं माझी सासू म्हणायची. अक्षताला मी तसं सांगितलं, तर ती बिचारी गोंधळली. मग मीच म्हटलं, कुंडीतली तुळस आणा, तिच्यासमोर गाते. आणली. चाळीस तास मी तुळशीचं लग्न लावलं. तुळशीचा धवला वेगळा असतो. तिला पाठवायचं नसतं, ती अंगणातच राहते. आणि तिला आई नसते. आईचं कडवं तिच्या धवल्यात नाही. मी म्हटलंच नाही, तर मशीनला कुठून येणार?

बारा वर्षं रायगडभर माझा आवाज पोरींची लग्नं तुळस म्हणून लावत होता. हजारांनी हळदी, आणि एकीच्याही आईचं नाव नाही. बाया ऐकत होत्या, रडत होत्या, आणि घरी जाताना काय राहिलं ते त्यांना कळत नव्हतं. ही चूक कंपनीची नव्हती, कायद्याचीही नव्हती. माझी होती. आणि ती दुरुस्त करायला परवानगी लागत होती त्यांची!

मनाली वाटी धरून उभी होती. तिनंही ऐकलं होतं. गेले बारा दिवस ती पोरीसाठी उन्हातान्हात फिरली होती. वाटीतल्या हळदीत बोट फिरवत राहिली.

मी उठले. शाल खुर्चीवर टाकली.

"आये," रुपेश पुढं आला, "आये, बस. फक्त दहा मिनिटं."

मी त्याच्याकडे बघितलंही नाही. आर्वीच्या समोर जमिनीवर बसले, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि घसा मोकळा केला.

*उंबऱ्याच्या आत गो कुणाची माया,*
*मनालीबायनी झिजवली काया...*

भिंतीवरचा डबा लाल झाला. हॉलचे सगळे स्पीकर खट्‌ करून मेले. आणि त्याबरोबर ती पस्तीस वर्षांचीही मेली. कानाला दोन द्वारका ऐकू आल्या, परवान्याची कुठली आणि बिनपरवान्याची कुठली ते काही त्याला ठरवता येईना, म्हणून त्यानं दोघींचीही वायर तोडली. फक्त माझ्या घशाला वायर नव्हती.

आवाज फाटका होता. वरचा सूर लागला नाही, खालीच घेतला. पण मागून बेबीबायनं ओळ उचलली. पान गालात दाबून उचलली. मनालीचं नाव तीन वेळा घ्यायचं असतं, आम्ही तीन वेळा घेतलं. तिसऱ्या वेळी मनालीनं हळदीचा हात स्वतःच्याच तोंडावर धरला आणि गाल पिवळे झाले. मग मी तिच्या आईचं नाव घेतलं, जी हयात नाही. मग माझ्या सासूचं.

रुपेशच्या हातात फोन वाजत होता. तो माझ्या शेजारी उकिडवा बसला. "आये, साहेब लाइनीवर आहेत. तीन मिनिटांत थांबलीस तर चूक म्हणून सोडून देतील. नाही तर एजन्सी रद्द, तुझ्यावर केस. आये, पाया पडतो."

आर्वीनं त्याच्याकडे बघितलं. तोंडभर हळद, नुसते डोळे दिसत होते. "पप्पा," ती म्हणाली, "ठेवा तो फोन."

"तुला काय कळतंय गो? उद्या काय करू मी?"

मी गातच होते. धवला मध्येच तोडून उत्तर देत नाहीत. पाठवणीची ओळ आली:

*मागारी बघू नको गो, वाट चालू दे,*
*गावचं पाणी तुझ्या डोळ्यांत राहू दे...*

ह्या ओळीला रुपेश रडला. पोरीचा बाप म्हणून रडला की एजंट म्हणून, देव जाणे. फोन वाजून वाजून बंद पडला. मग छोटी घंटी वाजली, निरोप आला. त्यानं वाचला आणि फोन मांडीवर पालथा घातला. एजन्सी गेली होती.

मी शेवटचं कडवं पुरं केलं. आर्वीच्या कपाळाला हळद लावली. मग उठायला मनालीचा हात धरला आणि सगळ्या हॉलसमोर त्याला सांगितलं, मोठ्यानं, घशात होतं नव्हतं ते काढून:

"रुपेश, ऐक. केस येऊ दे, मी जाईन कोर्टात. तो कायदा सत्तावन्न सालापासून किती वेळा बदलला ते तुझ्या बायकोला ठाऊक आहे. जेव्हा बदलला तेव्हा आधी कुणीतरी आरडाओरडा केला म्हणून बदलला. ह्या वेळी मी करेन. कायद्याचा मला राग नाय, तो मला ओळखत नाय. तू ओळखतोस. माझा आवाज राहावा म्हणून तू तो डब्यात भरलास, हे मी मानते. पण बारा वर्षं रोज तीन वेळा तो ऐकून तुझ्या कानाला कळलं नाय, की त्यात आई नाय. आईच्या पोटचा असून नाय कळलं! म्हणून हा माझा निकाल. तू म्हणालास दुसरी धवलारीण दाखव. ही बघ, तूच. बाप्या असलास म्हणून काय झालं, घसा तर माझ्याकडूनच आलाय. परवाच्या लग्नापासून तू माझ्या मागं बसायचंस, बेबीबायच्या पण मागं. माझ्या सासूनं मला चार वर्षं तोंड उघडू दिलं नव्हतं, नुसतं ऐकायला लावलं होतं. तू पण चार वर्षं ऐकायचंस. आणि पाचव्या वर्षी तोंड उघडशील, तेव्हा पहिलं नाव आईचं घ्यायचंस. चल, ऊठ. पाट उचल."